माणसाळलेला हंस आणि त्याचे वाचक

१

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हंस भेटतो तो बहुधा ग्रंथात. नीर आणि क्षीर निवडणारा हंस, सरस्वतीचे वाहन असलेला हंस, रघुनाथ पंडितांच्या नळदमयंतीच्या आख्यानात नळाच्या हाती सापडताच करुण विलाप करणारा हंस, या सर्वांशी आपला परिचय जुना आहे. या हंसांना आपण माणसाची वाणी दिली, माणसाचा विवेक दिला. संस्कृत कवींचे लक्ष हंसाच्या चालीकडे गेले खरे, पण तेही नायिकेच्या चालीला उपमा हवी होती म्हणून. हंसाची मान, पंख, चोच यांची स्वतःची काही भाषा असेल आणि ती आपण शिकावी, हा विचार या परंपरेच्या कक्षेत फारसा आला नाही. त्याबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही. तिचा विषय हंस नव्हताच, माणूस होता.

येथे नावाचा घोळ आधी निस्तरला पाहिजे. आपण चित्रात पाहतो तो लांब, बाकदार मानेचा शुभ्र पक्षी, म्हणजे इंग्रजांचा 'स्वान', भारतात क्वचितच येतो. संस्कृत वाङ्मयातील हंस हा मुख्यतः 'गूज' होय, असे डच भारतविद्यातज्ज्ञ जे. पी. एच. फोगेल यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडले. हिवाळ्यात जायकवाडी किंवा उजनीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब याच कुळातले. प्रस्तुत लेखात हंस म्हणजे हा गूज. त्यातही आमचा विषय आहे तो युरोपातील करड्या रंगाचा कलहंस आणि त्याच्यापासून माणसाने काही हजार वर्षांपूर्वी घडवलेला पाळीव हंस. या दोघांच्या देहबोलीचे शास्त्रशुद्ध वाचन गेल्या शतकात मध्य युरोपात झाले. त्या वाचनाची हकीकत साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे, कारण अत्यंत बारकाईने वाचणारा वाचकदेखील कोठे आणि कसा घसरतो, याचा तो एक स्वच्छ आणि काहीसा भयावह दाखला आहे.

२

आरंभ ऑस्कर हाइनरोट यांच्यापासून करावा लागतो. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्या या गृहस्थांनी १९१० साली बर्लिन येथेच भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेत बदके व हंस यांच्या वर्तनाविषयी एक दीर्घ निबंध सादर केला. तोवर पक्ष्यांचे वर्गीकरण प्रामुख्याने हाडे, पिसे आणि चोची यांवरून होत असे. हाइनरोट यांचे म्हणणे असे की, पक्ष्याची एखादी ठराविक हालचालही त्याच्या हाडाइतकीच स्थिर आणि त्याच्या जातीची ओळख सांगणारी असते. तेव्हा तिची नोंदही तितक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे. पुढे हाइनरोट आणि त्यांच्या पत्नी माग्दालेना यांनी आपल्या बर्लिनमधील राहत्या घरात शेकडो पक्षी अंड्यापासून वाढवले. पक्ष्याला वाचायचे तर त्याच्यासोबत राहिले पाहिजे, ही पद्धत अशी एका शहरी बिऱ्हाडात रूढ झाली.

हंसाच्या देहबोलीचे व्याकरण काय आहे? आपण एखाद्या वाडीत किंवा बंगल्याच्या आवारात पाळलेले हंस पाहिले असतील. ते मान जमिनीलगत ताणून फिस्कारत धावून येतात आणि मुले पळ काढतात. मान ताणलेली म्हणजे हंस रागावलेला, असे समीकरण आपण तेथून बांधतो. ते अर्धेच खरे आहे. हंस मान खाली ताणून पुढे करतो तेव्हा पाहायचे ते तिची दिशा. मान सरळ समोरच्याच्या अंगावर रोखलेली असेल तर ती धमकी. तीच मान, तितकीच ताणलेली, पण समोरच्याला चुकवून किंचित बाजूला वळलेली असेल तर ते स्वागत. प्रेम आणि वैर यांत अंतर आहे ते केवळ काही अंशांच्या कोनाचे. र्‍हस्वदीर्घाने अर्थ फिरावा तसा हा प्रकार आहे आणि तो न ओळखणारा वाचक आलिंगनाला हल्ला समजतो.

इतर खुणाही अशाच सूक्ष्म आहेत. मान उंच, ताठ आणि निश्चल झाली म्हणजे भय किंवा सावधगिरी. कलहंसाच्या मानेवरील पिसांत खाचा असतात. तो चिडला की त्या थरथरू लागतात. कळपाला उडून जायचे असेल तेव्हा पक्षी चोच आडवी झटकू लागतात. झटके वाढत जातात, एकाचे पाहून दुसरा झटकतो आणि मग कळप एकदम उठतो. ताण सरला की हंस अंग झाडतो, पंख हलवतो. हरवलेले पिल्लू एकसुरी, तुटक आवाजात साद घालते. जर्मन अभ्यासकांनी त्याला सरळ 'रडणे' असेच नाव दिले.

या व्याकरणातील सर्वांत मोठे वाक्य म्हणजे 'विजयघोष'. नर हंस एखाद्या परक्यावर धावून जातो, त्याला हाकलतो, आणि लगेच वळून पंख अर्धवट उघडे ठेवून, मोठ्याने ओरडत आपल्या जोडीदाराकडे परततो. मग दोघे माना जमिनीलगत शेजारी शेजारी ताणून, एकमेकांना चुकवून, खालच्या स्वरात कलकलाट करतात. पिल्लेही त्यात सामील होतात. हाइनरोट यांनी याचे वर्णन केले तेव्हा त्यांना त्यात कुटुंब बांधून ठेवणारा विधी दिसला. हंसांच्या जगात कोण कोणाचे हे समजून घ्यायचे तर विजयघोषात कोण कोणाच्या शेजारी उभे राहते ते पाहावे.

३

हाइनरोट यांचा निबंध ज्यांनी मनावर घेतला त्यांत कोनराड लोरेन्झ (१९०३–१९८९) प्रमुख होते. नोबेल पारितोषिकाच्या वेळी लिहिलेल्या आत्मवृत्तात ते सांगतात की, स्वतःला वाचता येण्यापूर्वीच त्यांना सेल्मा लागरलोफ यांची 'नील्स होल्गरसन'ची कथा वाचून दाखवण्यात आली आणि तेव्हापासून त्यांना रानहंस व्हावेसे वाटू लागले. ते शक्य नाही हे उमजल्यावर एखादा हंस आपल्याजवळ असावा असे वाटले. तेही जमेना, तेव्हा पाळीव बदकांवर समाधान मानावे लागले. स्वीडनमधील शाळांना भूगोलाचे वाचनपुस्तक म्हणून १९०६–०७ मध्ये लिहिल्या गेलेल्या या कादंबरीतील एक पात्र येथे ध्यानात ठेवावे. ते म्हणजे मोर्टेन. हा शेतावरचा पांढरा, पाळीव नर हंस. रानहंसांचा थवा पाहून तो हट्टाने उडतो, धापा टाकत त्यांच्या बरोबरीने उत्तरेकडे जातो, आणि पुढे एका रानहंसिनीशी संसार थाटतो.

व्हिएन्नाजवळ डॅन्यूबच्या काठी आल्टेनबेर्ग येथे लोरेन्झ यांचे घर होते. १९३० च्या दशकात तेथे त्यांनी कलहंसाची अंडी मिळवून ती उबवायला एका टर्की पक्षिणीखाली आणि एका पांढऱ्या पाळीव मादी हंसाखाली ठेवली. अंड्यातून आलेल्या पिल्लाकडे लोरेन्झ निरखून पाहत राहिले. पिल्लाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. ते हलले, काही बोलले, तशी पिल्लाने इवलीशी मान पुढे ताणून स्वागताचा मंजूळ आवाज काढला. त्यानंतर त्यांनी त्याला पाळीव मादीच्या पंखाखाली सरकवले. तिने मायेने प्रतिसाद दिला, पण पिल्लू रडत बाहेर आले आणि लोरेन्झ यांच्या मागे धावू लागले. हीच ती पुढे प्रसिद्ध पावलेली मार्टिना. अशा रीतीने पिल्लाच्या मनावर 'आई'चा ठसा उमटण्याच्या घटनेचे विवेचन लोरेन्झ यांनी १९३५ च्या निबंधात केले. हाइनरोट यांनी ती आधीच नोंदली होती. तिला सिद्धान्ताचे रूप लोरेन्झ यांनी दिले.

मार्टिना रात्री लोरेन्झ यांच्या खोलीत झोपत असे. पहिल्या दिवशी घरात शिरताच ती घाबरून उजेडाकडे, म्हणजे खिडकीकडे धावली आणि मग वळून जिन्याकडे आली. पुढे भीती गेली, पण खिडकीकडचा वळसा राहिला. तो दिवसेंदिवस आखूड होत गेला. एका संध्याकाळी तिला आत घ्यायला उशीर झाला. अंधारलेल्या दिवाणखान्यातून ती घाईने सरळ जिना चढू लागली. पाचव्या पायरीवर ती थबकली. मान ताठ झाली, पंख उडण्यासाठी उघडले, तोंडून भयसूचक आवाज निघाला. क्षणभर घुटमळून ती खाली उतरली, खिडकीपर्यंतचा वळसा पूर्ण केला आणि पुन्हा वर आली. पाचव्या पायरीवर पुन्हा थांबून तिने सभोवार पाहिले, अंग झाडले आणि स्वागताचा आवाज काढला. ताठ मान, उघडे पंख, झाडलेले अंग या तीन खुणांवरून लोरेन्झ यांनी सवयीचा विधी कसा होतो आणि तो मोडल्यावर जिवाचा थरकाप कसा उडतो याचे जे वाचन केले, ते समीक्षेच्या वर्गात 'सूक्ष्म वाचना'चा नमुना म्हणून खुशाल ठेवावे.

१९३७ च्या वसंतात डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन आल्टेनबेर्गला आले. घरट्याबाहेर गेलेले अंडे मादी हंस कसे परत आणते, याचा दोघांनी अभ्यास केला. ती मान लांबवते, चोचीची खालची बाजू अंड्यापलीकडे टेकवते आणि अंडे छातीकडे ओढत आणते. अंडे वाटेतच काढून घेतले तरी ओढण्याची क्रिया ती पूर्ण करतेच. मात्र अंडे निसटू नये म्हणून मान डावी-उजवीकडे जी सावरत असते ते थांबते. एकाच दिसणाऱ्या हालचालीत दोन निरनिराळे घटक गुंतलेले आहेत, हे त्यातून सिद्ध झाले. १९३८ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

४

याच सुमारास आल्टेनबेर्गच्या अंगणात दुसरे एक वाचन चालू होते. लोरेन्झ यांच्याजवळ शुद्ध कलहंसांखेरीज कलहंस आणि पाळीव हंस यांच्या संकरातून झालेले पक्षीही होते. या संकरजांचे वागणे पाहून त्यांना वाटले की, खाणे आणि मैथुन यांच्या प्रेरणा येथे बेसुमार वाढल्या आहेत, आणि जोडीची निष्ठा, कुटुंबाचे संरक्षण यांसारखे नाजूक सामाजिक व्यवहार विरले आहेत.

निरीक्षणापुरते पाहता यात खोटे फार नाही. पाळीव हंस अंगाने जड, उडण्यात दुबळा, विणीत भरघोस आणि जोडीबाबत सैल असतो. पण तो तसा का आहे, याचे उत्तर गूढ नाही. मांस, चरबी, पिसे आणि अंडी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसाने त्याला निवडत आणले. रानमादी वर्षाकाठी साधारणतः चार-सहा अंडी घालते. पाळीव मादीकडून माणसाने काही डझनांची अपेक्षा केली आणि ती पुरी करून घेतली. हा पक्षी म्हणजे माणसाच्या मागण्यांची नोंदवही आहे. लोरेन्झ यांनी ती नोंदवही आरोपपत्रासारखी वाचली. 'बदल' या शब्दाच्या जागी त्यांनी 'ऱ्हास' हा शब्द ठेवला आणि मग त्या शब्दाने त्यांना पुढे ओढत नेले.

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यानंतर लोरेन्झ नात्सी पक्षाचे सदस्य झाले. १९४० मध्ये त्यांनी माणसाळण्यामुळे जातिगत वर्तनात होणाऱ्या बिघाडांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की, पाळीव प्राण्यांत जे घडते तेच नागरी संस्कृतीतील माणसांत घडत आहे, आणि समाजाने अशा 'बिघडलेल्यां'ना वेळीच दूर केले पाहिजे. पोटावर चरबी चढलेला एक पाळीव पक्षी आल्टेनबेर्गच्या अंगणातून उचलून वंशशुद्धीच्या राजवटीपुढे साक्षीदार म्हणून उभा करण्यात आला. त्याच वर्षी त्यांना क्यॉनिग्सबेर्ग येथे प्राध्यापकपद मिळाले. इकडे टिनबर्गन यांनी लायडन विद्यापीठातील ज्यू प्राध्यापकांच्या बडतर्फीला विरोध केला आणि १९४२ ते १९४४ अशी दोन वर्षे ओलीस म्हणून जर्मनांच्या छावणीत काढली. एकाच अंड्याची हालचाल एकत्र वाचणारे दोघे पाच वर्षांत या दोन ठिकाणी पोहोचले.

मराठीत या क्रियेला 'माणसाळणे' म्हणतात. हा शब्द सांगतो की पशू माणसाच्या सहवासात येऊन थोडा माणसासारखा होतो. लोरेन्झ यांची भीती नेमकी उलट दिशेची होती: माणूस पाळीव पशूसारखा होत चालला आहे. पण एक गोष्ट ते ज्या ताकदीने पाहू शकले असते त्या ताकदीने त्यांनी पाहिली नाही. मार्टिनाच्या भावंडांची अंडी छातीशी धरून बसली होती ती पांढरी पाळीव मादीच. परक्या, रानातल्या पिल्लालाही तिने पंखाखाली घेतले होते, त्याच्या आवाजाला आवाज दिला होता. आणि लहानपणी ज्या कथेने त्यांना हंसवेडे केले, तीत रानहंसिनीशी संसार करणारा मोर्टेन पाळीवच होता. हे दोन्ही पुरावे त्यांच्या हाताशी असूनही या निष्कर्षाला ते अडवू शकले नाहीत.

५

१९४४ मध्ये लोरेन्झ रशियनांच्या कैदेत सापडले आणि १९४८ मध्ये परतले. १९४९ मध्ये टिनबर्गन यांच्याशी त्यांची केंब्रिज येथे पुन्हा भेट झाली. पुढे बव्हेरियातील झेवीझन येथे त्यांना संशोधनसंस्था मिळाली, आणि १९७३ मध्ये टिनबर्गन व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिकही. त्या वेळच्या आत्मवृत्तात त्यांनी १९४० च्या लेखनाला अविचार म्हटले आणि नात्सी परिभाषा वापरल्याबद्दल खेद व्यक्त केला. मात्र मूळ भीती अद्याप कायम असल्याचेही सांगितले. ती त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनातही डोकावते. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१५ मध्ये, साल्झबुर्ग विद्यापीठाने त्यांना पूर्वी दिलेली सन्माननीय डॉक्टरेट काढून घेतली.

पण या वाचनाची खरी दुरुस्ती झाली ती हंसांच्या कळपातच, आणि ती कशी झाली हे आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. झेवीझन येथे हेल्गा फिशर या लोरेन्झ यांच्या सहकारी विजयघोषाचा अभ्यास करत होत्या. त्यांनी एकेका कलहंसाचे चरित्र नोंदींवरून पडताळले. आजन्म एकनिष्ठ, एकदाच प्रेमात पडणारी, ही जी कलहंसाची प्रतिमा होती तिच्याबरहुकूम जगलेली उदाहरणे त्यांना अपेक्षेपेक्षा फारच थोडी आढळली. लोरेन्झ काहीसे खट्टू झाले. त्यावर फिशर उद्गारल्या त्याचा आशय असा की, यात नवल ते काय, हंस झाले तरी शेवटी तेही माणसेच! हा प्रसंग लोरेन्झ यांनी स्वतःच १९६३ च्या आपल्या आक्रमकतेवरील ग्रंथात नोंदवला, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण मानावे लागेल. फिशर यांचा विजयघोषावरील प्रबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या विनोदाने एक मोठी इमारत शांतपणे खचवली. 'शुद्ध' रानहंसही जोडीदार बदलतो, कधी दोन नर एकत्र येऊन विजयघोष करतात आणि वर्षानुवर्षे जोडीने राहतात, कधी कुटुंबे विस्कटतात. मग पाळीव हंसाचे 'पतन' मोजायचे ते कोणत्या उंचीवरून? ती उंची हंसात नव्हती, वाचकाच्या मनात होती. आणि पाळीव हंसाकडे नीट पाहावे तर जुने व्याकरण त्याच्यातही शाबूत दिसते. रोखलेल्या आणि चुकवलेल्या मानेतला भेद तो पाळतो. परक्याला हाकलून आपल्या माणसांकडे विजयघोष करत परततो. माणसाने त्याचे वजन वाढवले, पंख जड केले. त्याची भाषा मात्र पुसली गेली नाही.

१९७३ मध्ये लोरेन्झ ऑस्ट्रियातील ग्रूनाऊ येथे गेले आणि त्यांच्याबरोबर कलहंसांचा कळपही. त्या कळपाचा अभ्यास त्यांच्या पश्चातही चालू आहे, आणि एकेका पक्ष्याचे चरित्र पिढ्यान्‌पिढ्या नोंदले जाते. तेथील संशोधकांनी काही हंसांच्या शरीरात हृदयाचे ठोके टिपणारी उपकरणे बसवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, दुसऱ्यांचे भांडण नुसते पाहत असलेल्या हंसाचेही ठोके वाढतात. भांडणात जोडीदार किंवा कुटुंबीय गुंतलेला असेल तर अधिकच. म्हणजे देह स्वस्थ उभा आणि आत काळीज धावते आहे. देहबोलीच्या शतकभराच्या वाचनानंतर हाती आलेली ही गोष्ट वाचकाला नम्र करणारी आहे. देह जे दाखवतो त्याहून जास्त काही तो राखूनही ठेवतो.

६

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की संहिता बारकाईने वाचा, आपले मत तिच्यावर लादू नका. जणू पहिली गोष्ट केली की दुसरी आपोआप साधते. लोरेन्झ यांचे उदाहरण हा भ्रम दूर करते. पाचव्या पायरीवरची ताठ मान ज्यांना दिसली त्यांच्याइतका बारकाईने वाचणारा हंसांना क्वचितच मिळाला असेल. त्यांची चूक दुर्लक्षाची नव्हती. वर्णनाचे शब्द जेथे संपतात आणि मूल्याचे शब्द जेथे सुरू होतात ती सीमारेषा त्यांनी न थांबता ओलांडली, आणि ओलांडली तेव्हा पलीकडे टाळ्या वाजवणारी राजवट उभी होती. त्यांना कोणी वाचवले असेल तर ते एका सहकारी स्त्रीने चिकाटीने तपासलेल्या नोंदींनी, म्हणजे नियमाइतकेच अपवादालाही पान देणाऱ्या कामाने.

आपला पोथीतला हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, असे आपण म्हणत आलो. पक्ष्याला ते साधत नाही. ते काम त्याला पाहणाऱ्याचे आहे. यापुढे एखाद्या वाडीत पांढरा, जाडजूड हंस मान ताणून आपल्याकडे येताना दिसला तर पळण्यापूर्वी एवढेच पाहावे, की ती मान आपल्यावर रोखलेली आहे की किंचित बाजूला वळलेली. रोखलेली असेल तर पळावेच.